‘आपलं तरी बरं आहे’ असं वाटलं, त्याची लाज कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. पत्नीला स्तनाचा कॅन्सर आहे, लवकर सापडलाय. गाठ तेवढी काढून स्तन वाचवता येईल, मग केमो आणि रेडिएशन, असं डॉक्टर म्हणाले. उपचारांसाठी संगमनेरहून परळला येता, राहता मेव्हण्याकडे डोंबिवलीत. हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बिहारचं एक कुटुंब प्लास्टिक अंथरून राहताना दिसलं, त्यांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर. त्या रात्री तुम्हाला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली आणि सकाळी त्या झोपेचीच लाज वाटली. पत्नीला धीर यावा म्हणून ‘त्यांच्याकडे बघ, आपलं किती बरं आहे’ म्हणालात, तर ती दोन दिवस धड बोलली नाही. आणि आता नववीतल्या मुलाला सुट्टीत आणून हे सगळं दाखवावं, म्हणजे आपल्याकडे काय आहे याची त्याला किंमत कळेल, असं तुमच्या मनात आहे.

मी कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसोबत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे, त्यामुळे उत्तर आधी देते आणि कारणं मागून. झोपेबद्दल वाईट वाटून घेऊ नका. पत्नीला ते वाक्य पुन्हा म्हणू नका. मुलाला दाखवायला आणू नका, हाताशी हवा म्हणून आणायचा असेल तर खुशाल आणा.

झोपेचं आधी. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की आपलं कसं चाललंय हे ठरवायला दुसरं काही माप नसलं की माणूस शेजारच्या माणसाकडे बघतो. १९८१ मध्ये टॉमस विल्स यांनी त्यात भर घातली : माणूस संकटात असला की नजर खाली वळते, आपल्याहून वाईट स्थितीतल्या माणसाकडे, आणि त्याने जरा बरं वाटतं. मग शेली टेलर, जोआन वुड आणि रोझमेरी लिक्टमन यांनी अमेरिकेत स्तनाचा कॅन्सर झालेल्या ७८ महिलांशी सविस्तर बोलून १९८५ मध्ये जे लिहिलं, ते मला इथे हॉस्पिटलच्या बाकांवर जवळजवळ रोज ऐकू येतं. जिची फक्त गाठ काढली होती तिला स्तन गमावलेलीची कणव वाटत होती. स्तन गमावलेली वयस्क बाई म्हणत होती, माझं काय, त्या तरण्या पोरींचं वाईट. लग्न झालेलीला एकट्या बाईची काळजी. ज्यांची तब्येत सगळ्यात खालावलेली, त्यासुद्धा कोणाला तरी शोधून काढत होत्या, आणि समोर कोणी नसेल तर मनातल्या मनात उभी करत होत्या.

आपल्याकडेही हेच. ‘माझं तोंडाचं आहे, पोटात तरी नाही गेलं.’ ‘आमच्याकडे करणारी माणसं आहेत, त्या आजोबांच्या सोबत कोणीच नाही.’ जळगावहून आलेली एक मावशी मला म्हणाली होती, ‘मला निदान पाटी वाचता येते, ते आसामचे लोक बिचारे नुसतेच फिरतात.’ तुम्हाला तुमचा आधार फुटपाथवर सापडला, एवढंच. त्यात तुम्ही कोणाचं काही हिरावून घेतलं नाही.

आणि एक सांगू? त्या फुटपाथवरच्या बाईशी कधी बोललात, तर ती बहुतेक तुमच्या पत्नीचीच कीव करत असेल. ‘बच्चे की बीमारी में माँ तो है। माँ को ही हो जाए तो घर कौन देखे?’ अशा अर्थाचं मी अनेक आयांच्या तोंडून ऐकलंय. तुम्ही तिच्याकडे बघून झोपलात, ती कदाचित तुमच्याकडे बघून.

लाजेखाली पुष्कळदा भीती दडलेली असते, तेही तपासून बघा. बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत असताना पावसात भिजत पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. कुष्ठरोगाने शेवटच्या अवस्थेला गेलेला माणूस. बाबा तिथून पळाले. ते परत का आले याची हकीकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. त्यात दयेचा भाग फार नव्हता. एरवी कशालाही न भिणारा आपण या माणसाला भ्यालो, हे त्यांना सहन झालं नाही. परत येऊन त्यांनी तुळशीरामला आडोसा केला, त्याची सेवा केली, आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. प्रत्येकाने आनंदवन काढावं असं मी म्हणत नाही, तशी अपेक्षा करणंच चूक. पण त्या पोराकडे बघताना ‘हे आपल्या पोराला झालं असतं तर’ असं आत चमकून गेलं का, ते स्वतःला विचारा. गेलं असेल, तर रात्रीची झोप ही सुटकेची झोप होती.

सुटका आणि कृतज्ञता सारख्या वाटतात, पण एक नव्हेत. वीज शेजारच्या झाडावर पडली की जे वाटतं ते ‘सुटलो’, आभार नव्हेत. आभार मानायला समोर कोणीतरी लागतं. तुम्हाला त्या कुटुंबाने काय दिलं? काहीच नाही. ते फक्त तुमच्यापेक्षा वाईट स्थितीत होते. म्हणून हे समाधान पहिल्या रात्रीपुरतं चालतं, त्यावर पुढचं सहा-आठ महिन्यांचं घर बांधता येत नाही.

मुख्य अडचण अशी की हे माप उलटतं. आज पत्नीचा रिपोर्ट चांगला आहे, म्हणून वाईट स्थितीतला रुग्ण दिसला की ‘आपण त्यातले नाही’ वाटतं. उद्या रिपोर्टात काही खुट्ट झालं, की तोच रुग्ण दिसल्यावर ‘आपलंही असंच होणार’ वाटेल. ब्राम बुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कॅन्सरच्या रुग्णांबाबत हेच दाखवलं. खाली बघून नेहमी बरंच वाटतं असं नाही आणि वर बघून नेहमी वाईट वाटतं असंही नाही. आपल्या आजारावर आपला काही ताबा आहे असं ज्यांना वाटत नव्हतं, त्यांना खालच्याकडे बघून धास्तीच जास्त वाटत होती. ओपीडीत याचं प्रत्यंतर येतं. आजार उलटलेली एखादी बाई रांगेत बसली की काही जणी तिच्याजवळ सरकतात, काही जणी उठून लांब जाऊन बसतात.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ज्या समाधानाला खाली कोणीतरी लागतं, त्याला तो माणूस खालीच राहिलेला बरा असतो. लहान मुलांमध्ये जो रक्ताचा कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो, त्यावरचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि पूर्ण झाले तर पुष्कळ मुलं खडखडीत बरी होतात. समजा तो मुलगा बरा झाला आणि तुमच्याकडे काही बिनसलं, तर मग? या प्रश्नाने अस्वस्थ वाटलं तर चांगलंच आहे.

२००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांचा कृतज्ञतेवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज चार आभाराच्या गोष्टी लिहा, हा सल्ला जो सगळीकडे फिरतो, तो मुख्यतः तिथून आलाय. त्यातला एक भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. एका फेरीत त्यांनी काहींना आभाराच्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना दिवसभराच्या कटकटी, आणि काहींना ‘इतरांपेक्षा मी कुठे बऱ्या स्थितीत आहे’ हे. दुसऱ्या कोणाला मदत केली, धीर दिला, असं सांगणारे आभार लिहिणाऱ्या गटात जास्त निघाले. तुलना करणारे तिथे मागे पडले. परदुःख शीतळ म्हणतात ते असं. तुलनेने मन शांत होतं, हात मात्र हलत नाहीत.

आता पत्नीचं. तुमचा हेतू चांगला होता हे तिलाही कळलं असणार, पण तिच्या कानाला काय ऐकू आलं ते बघा : ‘तुझं एवढं काही नाही, रडू नकोस.’ स्वतःबद्दल ‘त्या बाईपेक्षा माझं बरं’ असं ती म्हणाली, तर तो तिचा आधार. तेच तुम्ही म्हणालात की ती तिच्यावरची सक्ती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे इथे तंतोतंत लागू.

हा फक्त मन दुखावण्याचा मामला असता तर मी एवढं लांबवलं नसतं. केमो चालू असलेली एक सून आठवते. केस जायला लागले तेव्हा ती रडली, तर सासूबाई म्हणाल्या, ‘केस काय, परत येतात. त्या पोराचा पाय काढलाय बघ.’ त्यानंतर तिने घरात काही सांगायचंच सोडलं. तोंड आलं, सांगितलं नाही. थंडी वाजून ताप आला, गोधडी घेऊन पडून राहिली. इतरांचं इतकं मोठं असताना आपलं हे काय सांगायचं, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिला थेट इमर्जन्सीत आणावं लागलं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी खूप खाली येतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडीने हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही, आपल्या मनाने क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही. अशा वेळी बारीकसारीक कुरकुर करणारा रुग्ण परवडला, न बोलणारा नको. ‘इतरांकडे बघ’ हे वाक्य रुग्णाला गप्प करतं. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

तिला ‘खालचे’ दाखवण्यापेक्षा ‘पुढचे’ भेटवा. शेली टेलर आणि मार्सी लोबेल यांनी १९८९ मध्ये लिहिलेलं मला कामात फार उपयोगी पडलंय. रुग्ण मनातल्या मनात तुलना करतात ती आपल्याहून वाईट स्थितीतल्यांशी, पण प्रत्यक्ष भेटायला आणि माहिती विचारायला त्यांना आपल्याहून बऱ्या झालेल्यांचीच ओढ असते. उपचार संपवून तीन वर्षांनी तपासणीला आलेली, नोकरीवर परत गेलेली बाई शोधा. अशा महिलांचे गट मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपास असतात, समाजसेवा विभागात विचारलं की कळतं. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताचे व्यायाम कधी सुरू करायचे, सूज आली तर काय, लोकलच्या गर्दीत तो हात कसा जपायचा, ओढणी कशी घ्यायची, नवऱ्यासमोर पहिल्यांदा कपडे बदलताना काय वाटलं, हे तिच्याशी बोलता येतं. माझ्याशी नाही, तुमच्याशी तर नाहीच.

मग दुसऱ्यांच्या हालअपेष्टांबद्दल कृतज्ञ राहायचंच नाही का? राहायचं. पण ‘आपण त्यांच्यासारखे नाही’ म्हणून नाही, तर ‘त्यांच्यामुळे आपलं हे झालं’ म्हणून. तुमच्या पत्नीचंच घ्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकन सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळ्याच काढत. बाईची छाती खोल जाई, हात सुजे, वर उचलता येत नसे. गाठ लहान असली तरी हेच. कितीतरी दशकं हेच योग्य मानलं गेलं, कारण कमी कापून चालेल हे कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. ते सिद्ध करायचं तर काही महिलांना चिठ्ठी टाकल्यासारखं एका किंवा दुसऱ्या गटात जायला तयार व्हावं लागणार होतं. अंगावर कॅन्सर, आणि स्तन राहणार की जाणार हे नशिबावर. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांच्या अभ्यासात १९७३ ते १९८० या काळात ७०१ महिलांनी हे मान्य केलं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांचा अभ्यास १९७६ मध्ये सुरू झाला. तिथे तर सुरुवातीला नाव नोंदवणाऱ्या महिला पुरेशा मिळेनात, पण अखेर अठराशेहून अधिक जणींची माहिती हाती आली. दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले : गाठ काढून रेडिएशन दिलं काय आणि अख्खा स्तन काढला काय, जगण्याचं प्रमाण सारखंच.

तुमच्या डॉक्टरांनी जे वाक्य दोन मिनिटांत सांगितलं, ‘स्तन वाचवता येईल’, त्याच्या मागे या बायका आहेत. त्यांतल्या कित्येक जणी वाचल्या नाहीत. आपल्याकडेही असं घडलंय. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देणारं साधं लिडोकेन टोचलं तर पुढे फरक पडतो का, हे परळच्याच टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांत तपासलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८६.६ टक्के, न दिलेल्या गटात ८२.६. औषध जुनं, स्वस्त. सुमारे सोळाशे भारतीय महिला त्यात सामील झाल्या होत्या, आणि त्यासाठी त्यांतल्या कोणाचे आभार कोणी मानले असतील असं वाटत नाही.

हे पत्नीला सांगून बघा. ‘त्यांच्याकडे बघ’पेक्षा हे वेगळं लागतं, कारण यात तिचं दुःख लहान होत नाही. उलट ती त्या बायकांच्या ओळीत उभी राहते. काहींना तर यातून स्वतःही एखाद्या अभ्यासात नाव द्यावंसं वाटतं. मात्र तो निर्णय तिचा, आणि डॉक्टरांशी सगळं बोलल्यावरच.

एवढं लांब जायचं नसेल तर जवळची माणसंही पुष्कळ आहेत. रक्तपेढीत अनोळखी माणसाने दिलेली बाटली. डेकेअरमध्ये सुई एका फटक्यात लावणारी सिस्टर. खोली देणारे मेव्हणे आणि विशेषतः त्यांच्या मिसेस, ज्यांचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठे आला नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले, जन्मभर परक्यांसाठी धर्मशाळा बांधत राहिले आणि स्वतःसाठी त्यांनी घर बांधलं नाही. आज तिथे उतरणारं बंगालचं किंवा उत्तर प्रदेशचं कुटुंब त्यांना ओळखतही नाही, तरी छप्पर मिळतं.

त्या बिहारच्या कुटुंबाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला वाटतं मनात आहे. आधी बोला. मुलाचं नाव विचारा, गाव विचारा, काय खातो विचारा. पैसे देऊन निघून जाणं सोपं, आणि पैशांची गरजही असतेच, पण तुमच्याकडे त्याहून कामाच्या दोन गोष्टी आहेत : मराठी आणि वेळ. त्यांना हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात घेऊन जा. धर्मशाळांची यादी तिथे मिळते, जागेसाठी नाव लावावं लागतं. आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते राज्याबाहेरच्या यादीतल्या हॉस्पिटलांतही चालतं, तिथेच विचारून घ्या. रेल्वेत उपचारांसाठी येता-जाता कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के. फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्यावा लागतो. असल्या कागदांपायी आणि राहायच्या खर्चापायी उपचार अर्धवट टाकून गावी गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

खाऊ द्यायचा तर केळी-मोसंबीसारखी सालीची अख्खी फळं द्या. कापलेली फळं, चटण्या, उघड्यावरचा वडापाव नको. त्या पोराच्या पेशी खाली असतील तर तुमच्या प्रेमाने त्याला जुलाब लागतील. फोटो काढू नका. आणि त्यांनी सत्तू देऊ केलं तर ‘नको नको’ करू नका, घ्या. नुसतं घेत राहणं कोणालाच आवडत नाही.

राहिला मुलगा. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक न्यायचा, मुलांना ओळीने उभं करून टाळ्या वाजवायला लावायच्या, या पद्धतीचा मला मनापासून कंटाळा आहे. तिथल्या मुलांना महिन्यात किती अनोळखी वाढदिवस साजरे करावे लागतात याचा पाहुणे विचार करत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांनी २०१४ मधल्या भाषणात हे फार रोखठोक मांडलं होतं : अपंग माणसाचं चित्र दाखवून इतरांना ‘बघा, तुमचं किती बरं आहे’ सांगायचं, म्हणजे एका माणसाला दुसऱ्याच्या फायद्यासाठी वस्तू करायचं. फुटपाथवरचा मुलगा तुमच्या मुलाच्या संस्कारांसाठी तिथे बसलेला नाही.

शिवाय तुमच्या मुलाला याची गरजच काय? त्याची आई आजारी आहे. चौदा वर्षांचं पोर आईचे केस जाताना बघणार आहे. त्याला आज ‘इतरांचं बघ’ म्हणालात, तर आईसारखाच तोही गप्प होईल, आणि मुलगे तर एरवीही लवकर गप्प होतात. त्याला आजाराचं नाव स्पष्ट सांगा, हा आजार लागत नाही हे सांगा, तुझ्यामुळे झालेला नाही हेही सांगा. हे वेड्यासारखं वाटेल, पण मुलांच्या मनात ते असतं.

आणि त्याला खरं काम द्या. सुट्टीत आला तर फाइल सांभाळू दे, रांगेत नंबर लावू दे. त्या बिहारच्या मुलाशी मोबाईलवर लुडो खेळला तर खेळू दे, पण सर्दी-खोकला असेल तर त्याच्या जवळ पाठवू नका. त्यातून त्याला काय वाटलं ते लगेच विचारू नका, निबंध लिहून घेऊ नका. घरी असताना थर्मामीटर त्याच्या ताब्यात द्या. पहिल्या केमोच्या दिवशी सिस्टरकडून इमर्जन्सीचा नंबर मागून घ्या, रात्री कोण उचलतं तेही विचारा. संगमनेरला असताना ताप आला तर आधी जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात जायचं हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या, आणि तो कागद मुलाला वाचून दाखवा.